४६८ विरुद्ध ६१, तरी बाटली उभीच: मोहिमा चालवणाऱ्यांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही लिहिलं होतं की निवडणुकीला उभं राहायला नाही, तर एखाद्या प्रश्नासाठी जे लोक धडपडतायत, गावातली दारू बंद करायची, टेकडी वाचवायची, वॉर्डातलं काही थांबवायचं, त्यांनी आपल्या अडचणी लिहून पाठवा. पत्रं भरपूर आली. सात घेतलीयत. नावं कुणाचीच छापत नाही, कारण पत्र लिहिणाऱ्यांना त्याच गावात राहायचंय.

प्रश्न: ताई, आमच्या गावातलं देशी दारूचं दुकान बंद करण्यासाठी आम्ही बायकांनी सह्या केल्या, तहसीलला खेटे घातले, शेवटी मतदान लागलं. यादीत ११४० बायका. आडव्या बाटलीला (म्हणजे दुकान बंद करायला) ४६८ मतं पडली आणि उभ्या बाटलीला (म्हणजे चालू ठेवायला) फक्त ६१. आम्ही गुलाल आणून ठेवलेला, आणि साहेब म्हणाले की दुकान चालू राहणार. बायका अजून रडतायत. आम्ही जिंकूनही हरलो ते कसं? (एक वाचक, नाशिक जिल्हा)

ताई, पत्र दोनदा वाचलं आणि खरंच गलबलून आलं, कारण अशा मतदानांत मी वीस वर्षं फिरलेय आणि हा प्रसंग तीन गावांत डोळ्यांनी पाहिलाय. तुमची बेरीज चुकली नाही, साहेबांनी फसवलंही नाही, नियमच तसा आहे. २५ मार्च २००८ च्या शासनाच्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी (किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी) मागणी केली की गुप्त मतदान घ्यावं लागतं, पण दुकान बंद व्हायचं तर यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी नाही. तुमच्या ११४० चे निम्मे ५७०, म्हणजे ५७१ हव्या होत्या. १०३ कमी पडल्या.

म्हणजे जी बाई त्या दिवशी घरातून निघालीच नाही तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला गेलं. दुकानवाल्याला हे बरोब्बर माहीत असतं, म्हणून तो उभ्या बाटलीचा प्रचार करत फिरत नाही, त्याला बायका केंद्रापर्यंत पोचल्या नाहीत तरी पुरतं. मी पाहिलंय की नेमक्या त्या दिवशी मजुरीचा रोज वाढवून मिळतो, नेमक्या त्या दिवशी कुणीतरी देवदर्शनाची गाडी फुकट काढतं, आणि आदल्या रात्री गावात कुजबुज होते की कुणी कुठं शिक्का मारला ते कळतं म्हणे.

आता पुढच्या वेळची तयारी, आणि ती भाषणापासून नाही तर मतदार यादीपासून करायची. यादीची झेरॉक्स काढा, पाच जणी ओट्यावर बसा आणि एकेक नाव मोठ्यानं वाचा. ही वारली. ही लग्न होऊन सिन्नरला गेली, नाव अजून माहेरीच. ही कायमची मुंबईला. ही दोन ठिकाणी आहे. कुठल्याही गावात अशी नावं निघतात आणि ती सगळी तुमच्या ११४० मध्ये मोजलेली असतात. समजा तुमच्याकडं अशी १५० निघाली, आणि नाव वगळायचा फॉर्म ७ भरून, बीएलओच्या (मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) मागे लागून ती रीतसर कमी झाली, तर यादी ९९० ची होते आणि लागणारी मतं ४९६. तुमच्याकडं ४६८ आहेतच. १०३ चा खड्डा २८ चा झाला, आणि अजून एकीलाही काही पटवायला लागलेलं नाही. (खरीच गेलेली नावं काढायची, हे मुद्दाम सांगते. गावात आहे पण विरोधात आहे म्हणून कुणाचं नाव उडवायचं असलं काही मनातही आणू नका.)

दुसरं, सह्या २५ टक्क्यांवर थांबवू नका. उत्पादन शुल्कचे लोक पडताळणीला येतात, ही सही तुमचीच का म्हणून विचारतात, तेव्हा नवरा शेजारी उभा असतो आणि चार जणी मागे सरतात. चाळीस टक्क्यांपर्यंत सह्या घेतल्या तर अर्ज टिकतो.

तिसरं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आपण घरोघर जाऊन दारू किती वाईट हे सांगत बसतो. अहो, ते तिला आपल्यापेक्षा जास्त माहितीये, तिच्या घरात रोज घडतंय! तिला वेगळंच काही नडतं. नवऱ्याला कळेल का. त्या दिवशी शेळ्या कोण सोडेल. आणि शिक्का नक्की कुठं मारायचा. या शेवटच्यावर हसू नका. एका गावात मतदानानंतर एक आजी मला अभिमानानं म्हणाली, “मारला बघ शिक्का त्या मेल्या उभ्या बाटलीच्या डोक्यात!” तिला जे नको होतं त्यावर तिनं शिक्का मारला होता, आणि तिच्या बाजूनं ते अगदी सरळ होतं, राग ज्याच्यावर त्याच्यावर घाव. तुमच्या ६१ मध्येसुद्धा अशा आज्या असतील. तेव्हापासून आम्ही कागदावर दोन्ही बाटल्या काढून नेतो, बाईच्या हातात तो कागद देतो, आणि ती बरोबर बाटलीवर बोट ठेवेपर्यंत उठत नाही.

घरोघर फिरताना वहीत तीन खुणा करा: नक्की येणार, डळमळीत, विरोधात. नक्कीवाल्यांकडं आदल्या संध्याकाळी फक्त आठवण करायला जायचं. विरोधातल्यांशी वाद घालायचा नाही, नमस्कार करून पुढं. सगळा जीव डळमळीतांसाठी ठेवायचा, तिथं एकदा नाही, तीनदा जायचं, आणि तिची जवळची जी बाई असेल तिला सोबत न्यायचं, पुढारीणबाईला नाही. अर्ज कधी द्यायचा ते मात्र तुमच्या हातात आहे, कांदा लागणीच्या तोंडावर देऊ नका.

प्रश्न: माझे आजोबा कट्टर मगोवाले (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे), त्या पक्षाचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचा फोटो देवघराशेजारी. पण गोव्याच्या १९६७ च्या जनमत कौलात त्यांनी दोन पानांवर मत दिलं होतं असं ते जाईपर्यंत सांगायचे. पक्ष विलीनीकरणाचा आणि मत विरोधात, हे मला कधी कळलंच नाही. यातून आजच्या मोहिमांनी काही शिकण्यासारखं आहे का? (एक वाचक, फोंडा)

फार आहे. महाराष्ट्रातल्या आपल्या बऱ्याच लोकांना तो निकाल तेव्हा लागला होता मनाला, पण मोहीम म्हणून ती इतकी नीट लढली गेली की मी शिबिरांत नेहमी तीच सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा यावर १६ जानेवारी १९६७ ला लोकांनी थेट मत दिलं. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांचा फरक. आणि दोनच महिन्यांनी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली तर त्याच गोव्यानं मगोला परत निवडून दिलं आणि भाऊसाहेब परत मुख्यमंत्री झाले! तुमचे आजोबा एकटे नव्हते, असे हजारो होते. त्यांना भाऊ हवे होते आणि गोवाही हवा होता. यात विसंगती काही नाही, पक्ष आणि प्रश्न या माणसाच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी असतात.

विलीनीकरणाच्या विरोधातल्या युनायटेड गोवन्स पक्षाचे जॅक सिक्वेरा यांनी पहिली लढाई मतांची लढलीच नाही, ती मैदानाची लढली. विधानसभेत मगोचं बहुमत होतं, तिथंच निर्णय झाला असता तर विषय एका दिवसात संपला असता. म्हणून त्यांनी दिल्लीत सतत धरून ठेवलं की एवढा मोठा निर्णय आमदारांनी नाही, लोकांनी घ्यायचा. ते मान्य झालं, १९६६ मध्ये संसदेनं तसा कायदा केला. सोबत मागणीही होती की सरकार मगोचंच असताना कौल निष्पक्ष कसा होणार, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला भाऊसाहेबांनी राजीनामा दिला. मत पडायच्या आधीच दोन गोष्टी पदरात पडल्या होत्या. आपल्याकडं लोक आधी मोर्चा काढतात, आणि निर्णय कुठं होणार, कुणाच्या सहीनं होणार हे मागाहून शोधतात.

आणि भाषा. विलीनीकरणाच्या विरोधातली मंडळी कोकणीची कैवारी, पण त्यांना पटवायचं होतं मराठी वाचणाऱ्या हिंदू बहुजन समाजाला, कारण ख्रिस्ती मतं बहुतेक आधीच त्यांच्याकडं होती. मग त्यांनी काय केलं, मडगावहून दैनिक चालवलं ‘राष्ट्रमत’, आणि ते मराठीत! चंद्रकांत केणी संपादक, उदय भेंब्रे रोज त्यात लिहायचे, लोक दुकानात घोळका करून वाचायचे. आपल्या भाषेचा अभिमान असूनही समोरच्याच्या भाषेत जाऊन बोलायला मोठं मन लागतं. दुसरीकडं उल्हास बुयांवांचं कलापथक गावोगाव गाणी घेऊन फिरत होतं, म्हणजे जो वाचत नाही त्याच्याही कानावर विषय जात होता.

मुद्दाही बघा कसा होता. मगोच्या मतदाराला “तुझा पक्ष चुकीचा” म्हणून काही मिळालं नसतं, त्यानं दार लावून घेतलं असतं. पण ज्या बहुजन समाजाच्या हातात पहिल्यांदा सत्ता आली होती त्याला हे दिसत होतं की विलीनीकरण झालं तर गोव्याची स्वतःची विधानसभाच राहणार नाही, मग भाऊंचं सरकार तरी कुठलं? माणसाचं भाऊंवरचं प्रेम न तोडता त्याच प्रेमातून त्याला दोन पानांपर्यंत जाता आलं. तुमच्या आजोबांनी देवघराशेजारचा फोटो काढला नाही ना, तेच यातलं मर्म.

प्रश्न: आम्ही तिशीतली मुलं-मुली शहराजवळची एक टेकडी वाचवायला काम करतोय. रील्सना लाखावर व्ह्यूज आहेत, ऑनलाइन याचिकेवर सह्याही भरपूर झाल्या, पण नगरसेवक भेट देत नाहीत आणि अधिकारी म्हणतात “बघू”. आमचं काय चुकतंय? (एक वाचक, पुणे जिल्हा)

दादा, रील वाईट नाही, पण ते व्ह्यूज कुठले? दुबईतल्या माणसानं लाइक केलं तर तुमच्या वॉर्डात मत हलत नाही, आणि नगरसेवक, अधिकारी ज्याच्या त्याच्या जागी हाच हिशोब करतात की यातले माझ्या हद्दीतले किती.

आधी कागद शोधा. टेकडीवर जे होणार आहे ते विकास आराखड्यातलं आरक्षण बदलून होतंय, की रस्त्याची आखणी आहे, की बांधकामाची परवानगी? प्रत्येकाचा टेबल वेगळा आणि तारीखही वेगळी. आरक्षण बदलायचं असेल तर जाहीर नोटीस निघते आणि हरकती-सूचनांना ठरावीक मुदत असते. ती मुदत म्हणजे तुमचं मतदान आहे असं समजा. एकच मजकूर छापलेले हजार अर्ज एका वाक्यात निकालात निघू शकतात, पण “मी अमुक सोसायटीत राहतो, २०१९ च्या पावसात आमच्या पार्किंगमध्ये टेकडीवरून एवढं पाणी आलं, हा फोटो” असे दोनशे वेगवेगळे अर्ज आले की ते एका वाक्यात उडवता येत नाहीत.

गोव्यात २००६-०७ ला प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध गोवा बचाव अभियान उभं राहिलं, त्यांनी पर्यावरणावर नुसती व्याख्यानं दिली नाहीत, गावांत नकाशे नेऊन पसरले. आपल्या गावाच्या डोंगराचा रंग बदलून तिथं वस्ती दाखवलीय हे माणसानं स्वतःच्या बोटानं शोधलं की पुढं समजवायला लागत नाही. जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला.

मुद्दाही बारीक करा. रायगडमध्ये महामुंबई सेझच्या (उद्योगांसाठीच्या विशेष आर्थिक क्षेत्राच्या) विरोधात पेणचे शेतकरी लढले, ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सोबत होते, तेव्हा सेझ हे धोरणच वाईट असं म्हणणारे होतेच, पण सगळ्यात टोकदार ठरला तो हेटवणे धरणाचा मुद्दा. आमची २२ गावं धरणाच्या लाभक्षेत्रात आहेत, पाणी द्यायचं सोडून तुम्ही जमीनच घेताय. याच २२ गावांचं मत २१ सप्टेंबर २००८ ला जिल्हा प्रशासनाला घ्यावं लागलं. ‘पर्यावरण वाचवा’ला मान डोलावून पुढं जाता येतं हो, पण ‘या पाण्याचं काय’ याला उत्तर द्यावंच लागतं. तुमच्या टेकडीखाली बोअर किती आहेत, उन्हाळ्यात टँकर कुणाकडं येतो, ते शोधलंय का?

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. जादूटोणाविरोधी कायद्याबद्दल आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहितो आणि लगेच “हा आपल्या धर्माविरुद्ध कायदा आहे, वारी बंद करतील” असं सुरू होतं. पुतण्या तर बोलायचाच बंद झाला. मी पुरावे देतो, कायद्याची लिंक देतो, उपयोग शून्य. सोडून देऊ का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

सर, सोडू नका, पण ग्रुपवर नका. चाळीस माणसांसमोर कुणीही हार मानत नाही, तुमचा पुतण्याही नाही आणि त्याच्या जागी तुम्हीही मानली नसती. त्याला घरी चहाला बोलवा, आणि सुरुवात तुमच्या पुराव्यानं नाही तर त्याच्या भीतीनं करा. “वारी बंद होईल असं तुला वाटतं ना? चल, कायदाच उघडून बघू.” त्या कायद्यात वेगळं कलमच आहे की प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही. हे त्यानं स्वतः वाचायचं, तुम्ही वाचून दाखवायचं नाही.

मग दुसरी बाजू. कायद्याला जी अनुसूची जोडलीय तिच्यात नेमकी बारा कृत्यं सांगितलीयत. भूत उतरवायच्या नावाखाली दोरानं, साखळीनं बांधून मारणं, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं, असली. यातलं तुला कुठलं चालू ठेवायचंय, एवढंच विचारा. मला नाही वाटत तो एकाही गोष्टीला हो म्हणेल.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी जवळपास अठरा वर्षं घालवली. हट्टाचा माणूस, पण शब्दांचा हट्ट नव्हता त्यांना. ते सभांमधून सांगायचे की मसुद्यात देव आणि धर्म हे शब्दच नाहीत, आणि कायदा झाला तेव्हा नावात ‘अंधश्रद्धा’ हाही शब्द नव्हता, नाव आहे नरबळी, अमानुष, अनिष्ट, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांच्याबद्दलचं. काही कार्यकर्त्यांना ही माघार वाटली. मला ती माघार वाटत नाही. श्रद्धा कुठली आणि अंधश्रद्धा कुठली यावर भांडण शंभर वर्षं चालेल, पण साप चावलेल्या पोराला दवाखान्यात न्यायचं की नाही यावर वारकरीसुद्धा तुमच्या बाजूला येतो. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. अजूनही ते लिहिताना हात थांबतो माझा.

पुतण्याला लगेच तुमच्या बाजूला आणायचं टार्गेट ठेवू नका सर. पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी “वारी बंद करणार” टाकलं आणि तो गप्प बसला तरी खूप झालं.

प्रश्न: आमच्या पाणी मोर्चाला आमदारसाहेब स्टेजवर यायला तयार आहेत. बोलवावं का? (एक वाचक, बीड जिल्हा)

बोलवा, पण आधी लिहून घ्या. मागणीचा कागद तयार ठेवायचा, एकच मागणी, तारखेसकट, आणि साहेबांनी माइकवर तोच वाचायचा. दुसऱ्या पक्षाच्या माणसालाही त्याच दिवशी तेच आमंत्रण द्या. न आल्यास खुर्ची ठेवू नका, अपमान करायला आपण जमलो नाही. आणि शेवटचं भाषण गावातल्या बाईचं ठेवा, साहेबांचं नाही, कारण लोक घरी जाताना शेवटचं ऐकलेलं घेऊन जातात.

प्रश्न: आमच्या गावात प्रस्तावित कारखान्याविरोधात आम्ही कॉलेजची मुलं काम करतो. समोरचे बिनधास्त खोटं बोलतात, पाच हजार नोकऱ्या वगैरे. मग आपणही थोडं वाढवून भीती दाखवली तर काय बिघडलं? उद्देश तर चांगला आहे. (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

बाळा, बिघडतं. आणि मी हे नीतीच्या गोष्टीसारखं सांगत नाहीये, माझ्या अंगावर आलेलं सांगते. एका मोहिमेत आमच्या पत्रकात आजाऱ्यांचा एक आकडा छापला गेला, कुणीतरी कुठूनतरी आणलेला, आणि मी तपासला नाही. ग्रामसभेत समोरच्या बाजूचा एक वकील उठला, त्यानं तेवढा एकच आकडा वाचला आणि विचारलं, “या गावातली लोकसंख्या किती आहे ताई?” आमचा आकडा लोकसंख्येपेक्षा जास्त होता. बाकीच्या अकरा गोष्टी खऱ्या होत्या, त्या कुणी ऐकल्याच नाहीत. जी डळमळीत माणसं आमच्याकडं झुकत होती ती त्या रात्रीत गेली आणि त्यांना परत आणायला आम्हाला वर्ष लागलं.

शिवाय ज्याच्याकडं पैसा आणि यंत्रणा असते त्याचं एक खोटं खपून जातं, आपल्याकडं आपल्या शब्दाशिवाय काहीच नसतं. नोकऱ्यांच्या आकड्याला घाबरू नका, उलट त्यावरच बोट ठेवा. पाच हजार कुठं लिहिलेत, कायमस्वरूपी किती, गावातल्यांना किती, माहिती अधिकारात अर्ज टाका आणि जे उत्तर येईल ते, अगदी ‘माहिती उपलब्ध नाही’ असं आलं तरी, मोठं करून पारावर लावा. आणि ज्या पोरांना खरंच नोकरी हवीय त्यांना मूर्ख समजू नका. त्यांच्या घरी जाऊन बसा. कारखाना नको तर आम्ही करायचं काय, या त्यांच्या प्रश्नाला तुमच्याकडं आज काही उत्तर नसेल तर मोहीम तिथंच अडेल.

प्रश्न: चंद्रपूरची दारूबंदी आम्ही बायकांनी पायपीट करून मिळवली. २०१५ ला झाली आणि २०२१ ला उठवली. आता गावात पोरी विचारतात की काकू, तुम्ही एवढं कशाला केलं? मला काही बोलता येत नाही. (एक वाचक, चंद्रपूर जिल्हा)

काकू, तुमच्या पत्रावर खूप वेळ बसून होते.

मला जे वाटतं ते स्पष्ट लिहिते, तुम्हाला लागलं तर माफ करा. बंदी यावी म्हणून आपण ज्या ताकदीनं लढलो तेवढ्या ताकदीनं ती टिकावी म्हणून लढलो नाही. १ एप्रिल २०१५ ला बंदी लागू झाली आणि बऱ्याच ठिकाणी कमिट्या थंडावल्या. आपल्याला वाटलं आता काम पोलिसांचं. तिकडं चोरटी दारू येत राहिली, आणि बंदी उठवायची म्हणणाऱ्यांनी सहा वर्षं एकच वाक्य लावून धरलं की बंदी फसली, महसूल बुडाला. त्यांची मोहीम थांबली नव्हती, आपली थांबली होती. शेजारी गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, तिथंही चोरटी दारू आहेच, पण गावागावांत बायकांच्या संघटना त्या कामाला धरून राहिल्या, गावातली विक्री बंद ठेवायचं काम त्यांनी दरवर्षीचं करून टाकलं, पोळा-दिवाळीसारखं.

पोरी विचारतात तर त्यांना त्या सहा वर्षांतलं खरं खरं सांगा. कुणाच्या घरात पगार पूर्ण आला, कुणाची पोरगी शाळेत टिकली, आणि कुठं काहीच बदललं नाही तेही. मग त्यांना घेऊन बसा आणि तुमच्या गावात परवान्याची दुकानं किती सुरू झालीयत ते मोजा. जिल्ह्याची बंदी उठली तरी तुमच्या गावातल्या एका परवान्यावर मतदान मागायचा तुमचा हक्क गेलेला नाही, वर नाशिकच्या ताईंना जो आदेश सांगितला तोच तुम्हालाही लागू आहे. जिल्हा पुन्हा हलवायला मुंबईपर्यंत जावं लागेल, गावाला यादी आणि वही पुरते.

पायी चाललेल्या बायकांपैकी तुमच्या गावात आज कितीजणी आहेत ते लिहून कळवा. आणि त्या पोरींपैकी जिचं अक्षर चांगलं असेल तिला वही द्या. नाशिकच्या ताई सुगीनंतर परत अर्ज देणार असं त्यांनी फोनवर सांगितलंय, तुमची दोघींची गाठ घालून देते.